पुढची गाडी वळणाआड गेली की आवाज बंद: गाडीतल्या हॅम रेडिओचा परत परत येणारा बिघाड

ताफ्याने कच्च्या वाटांवर फिरणारे ज्यावरून गाडी ते गाडी बोलतात, त्या हॅम (हौशी लोकांच्या) रेडिओबद्दलची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. निघताना पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांचा आवाज खणखणीत. कच्चा रस्ता लागून तासभर झाला की शेवटच्या गाडीचा आवाज तुटायला लागतो, आणि ती एखाद्या वळणाआड गेली की संपलंच. घरी परतल्यावर दोष रेडिओला दिला जातो, २५ वॅटचा काढून ५० वॅटचा बसतो, पुढच्या दोन ट्रिपा बऱ्या जातात. तिसऱ्या ट्रिपेला पुन्हा तेच.

त्या दोन ट्रिपा बऱ्या गेल्या त्या नव्या रेडिओमुळे नव्हे. रेडिओ बदलताना अँटेनाचा कनेक्टर उघडून पुन्हा आवळला गेला, पॉवरच्या वायरीचं टोक नव्याने बसलं, एवढंच खरं कारण. खडबडीत रस्त्यावर गाडी हादरते, स्क्रू ढिले होतात, सांध्यात धूळ आणि पाणी शिरतं, आणि बिघाड होता तिथेच परत येतो. म्हणून तपासायचा क्रम उलटा धरा: आधी सेटिंग, मग अँटेना आणि तिची बॉडीशी जोडणी, मग केबल, मग करंट. रेडिओचा नंबर अगदी शेवटी.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: हॅम बँडवर बोलायला परवाना लागतो, आणि नियम देशागणिक वेगळे आहेत. ताफ्यातल्या पाचांपैकी दोघांकडेच परवाना असेल, तर गाड्यांमधल्या बोलण्यासाठी परवाना न लागणारे सेट वेगळे ठेवा. त्यावर दुसरा उपाय नाही.

वॅट वाढवून किती मिळतं

५ वॅटवरून ५० वॅट म्हणजे १० डेसिबल. एस-मीटरचा (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा) एक अंक ६ डेसिबलचा धरतात. म्हणजे दहापट ताकद लावून समोरच्याच्या मीटरवर पुरते दोन अंकही वाढत नाहीत. डोंगराची कड मध्ये आली तर २० डेसिबल सहज जातात. ५० वॅटनी ही तूट भरून निघत नाही, उंची मिळाली तर निघते.

हिशोब सोपा आहे. अँटेनाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. त्या अँटेनाला रेडिओचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. दोन्ही गाड्यांची बेरीज करायची. दोन-दोन मीटर उंचीच्या दोन अँटेना सपाट मैदानात साधारण साडेअकरा किलोमीटर जातात. त्यातली एक गाडी १०० मीटर उंच टेकाडावर चढली की हाच आकडा ४७ किलोमीटरच्या आसपास पोचतो. निरोप महत्त्वाचा असेल तर पॉवर वाढवत बसण्यापेक्षा पुढच्या चढावर थांबून बोला.

अजून एक गोष्ट बिघाड समजली जाते, पण ती बिघाड नसते. २ मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) परावर्तित लहरींमुळे सिग्नलचे खड्डे आणि उंचवटे साधारण मीटरभराच्या अंतराने येतात. चालत्या गाडीत आवाज फडफडतो तो त्यामुळे, आणि थांबलेली गाडी नेमकी खड्ड्यात उभी असेल तर आवाज येतच नाही. अर्धा-एक मीटर पुढे घ्या. तेवढ्याने आवाज परत आला तर पाना हातात घेऊ नका. आणि वाट दाट झाडीतून असेल तर ७० सेंटिमीटर बँड (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) सोडून २ मीटरवर या; पानांमधून तो जास्त बरा निघतो.

आधी स्क्रीन बघा

एकतर्फी बिघाड हा बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. ‘मला सगळे ऐकू येतात, मी कुणालाच ऐकू येत नाही’ असं असेल तर फ्रिक्वेन्सीशेजारी अधिक किंवा उणे चिन्ह आहे का बघा. ते रिपीटरचं (उंचावर बसून सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्राचं) शिफ्ट आहे. २ मीटरवर ते सहसा ६०० किलोहर्ट्झ असतं, म्हणजे तुम्ही १४५.५०० वर ऐकता आणि बोलता मात्र १४६.१०० वर किंवा १४४.९०० वर. गाडी ते गाडी बोलताना हे चिन्ह नको. काही रेडिओ ठरावीक पट्ट्यात शिफ्ट आपोआप लावतात. ते मेन्यूतून बंद करावं लागतं, नाहीतर हाताने काढलेलं चिन्ह डायल फिरवल्यावर परत येतं.

उलट तक्रार, म्हणजे ‘माझं सगळ्यांना जातं, मला काहीच येत नाही’, टोनमुळे (बोलण्यासोबत जाणाऱ्या ठरावीक खालच्या सुरामुळे) येते. टोन पाठवणं आणि टोनशिवाय ऐकायचंच नाही असं ठरवणं, या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. दुसरी चुकून लागली, की ८८.५ हर्ट्झचा किंवा जो काही टोन भरला असेल तो समोरून आला नाही तर स्पीकर उघडतच नाही. परीक्षा पाच सेकंदांची: समोरच्याला बोलत राहायला सांगा आणि स्पीकर जबरदस्तीने उघडणारं मॉनिटरचं बटण दाबून धरा. बटण दाबल्यावर आवाज आला तर टोन किंवा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सेटिंग) दोषी. तरीही नुसती खरखर आली तर पुढे अँटेनाकडे वळा.

आवाज येतो पण दबका, किंवा कुणी जोरात बोललं की तुटतो, असं असेल तर एक सेट वाइड (रुंद पट्ट्याच्या) एफएमवर आणि दुसरा नॅरोवर (अरुंद पट्ट्यावर) आहे. सगळ्यांनी एकच ठेवा.

सगळ्या ताफ्याचा चॅनल एकदम मेला तर कुणाचा तरी माइक सीटच्या फटीत दबलेला असतो. दबलेल्या माइकवाल्याला काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे त्याला रेडिओवरून ओरडून उपयोग नाही. प्रत्येकाने आपला दिवा बघायचा: रिसीव्हचा लागलाय की ट्रान्समिटचा. टाइम-आउट टायमर आधीच एक-दोन मिनिटांवर ठेवला असेल तर सेट स्वतःहून गप्प होतो. हा टायमर आणि माइकची भक्कम क्लिप, दोन्ही निघण्याच्या आदल्या दिवशीची कामं आहेत.

अँटेना आणि तिच्या पायाखालचं पत्र्याचं मैदान

खरी गोम इथे आहे. गाडीवरची पाव-लहरीची (लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी) अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी गाडीचा पत्रा असतो. १४५ मेगाहर्ट्झला काडी साधारण ४९ सेंटिमीटरची, आणि तिच्याखाली सगळ्या बाजूंनी निदान तेवढाच पत्रा हवा. टपाच्या मधोमध तो मिळतो. बंपरवर, स्टेपनीच्या ब्रॅकेटवर, फायबरच्या कॅनोपीवर मिळत नाही. ताडपत्रीचा किंवा फायबरचा टप असेल तर बॉनेटच्या कडेला, फेंडरवर ब्रॅकेट लावा, नाहीतर पायाखाली पत्रा न लागणारी अर्ध्या लहरीची अँटेना घ्या. ती लांब असते, फांद्यांना जास्त अडकते, पण पत्रा नसलेल्या जागी पाव-लहरीपेक्षा कितीतरी शहाणी.

‘पुढच्या गाडीला ऐकू येतं, मागचीला नाही’ या तक्रारीचं उत्तरही पत्र्यातच आहे. कोपऱ्यातल्या अँटेनाचा जोर ज्या बाजूला पत्रा जास्त त्या बाजूला जातो. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवली तर सिग्नल उजवीकडे पुढे चांगला आणि मागे फिका. त्यात अँटेना टपाच्या उंचीच्या खालीच संपत असेल तर बॉडी स्वतःच भिंत होते.

लांब, जास्त गेनवाली (सिग्नल एका पातळीत एकवटणारी) काडी घ्यावी का? सपाट महामार्गावर हो. खडकाळ वाटेवर ४९ सेंटिमीटरची लवचिक पाव-लहरच बरी, असं ठाम मत आहे. लांब काडीचा झोत क्षितिजाकडे चपटा होतो. गाडी २० अंशांनी कलंडली की तो झोत एकीकडे जमिनीत, दुसरीकडे आकाशात. शिवाय वेगात काडी मागे झुकते ती वेगळीच.

आता जोडणी. रंगावर बसवलेलं ब्रॅकेट बॉडीला जोडलेलं नसतं. सोबतचे छोटे ग्रब स्क्रू रंग फोडून पत्र्यात रुततात आणि सगळी जोडणी त्या दोन टोकांवर उभी राहते. हादऱ्यांनी ती टोकं घासतात, उघड्या पत्र्याला गंज धरतो, आणि नव्याने आवळलेलं सहा आठवड्यांत पुन्हा सुटतं. हीच ती ‘तिसरी ट्रिप’.

मोजायचं असं. मल्टिमीटर २०० ओहमच्या पट्ट्यावर. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून आकडा लिहून घ्या, समजा ०.३ आला. रेडिओमागचा अँटेनाचा कनेक्टर काढा. मीटरचं एक टोक त्या कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा ०.८ च्या आत हवा. आता दुसऱ्या माणसाला अँटेना बुडाशी धरून हलवायला सांगा आणि तुम्ही नजर मीटरवर ठेवा. आकडा ०.५, ४, १२, पुन्हा ०.५ असा नाचला तर दोष सापडला. मॅग्नेटचं बूड असेल तर इथे जोडणी दिसणारच नाही; ते रंगाच्या थरातून कॅपॅसिटरसारखं काम करतं, तो बिघाड नव्हे. मात्र मॅग्नेटखाली अडकलेली लोखंडी कच पुसा, आणि फांद्यांच्या वाटेवर मॅग्नेटवर विसंबू नका.

उपाय: ब्रॅकेट काढा, स्क्रू जिथे टेकतात तिथला रंग नखाएवढा खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळा, मग वरून गंजरोधक रंग किंवा ग्रीस. ब्रॅकेट बॉनेटवर किंवा मागच्या दारावर असेल तर बिजागरीवर भरवसा ठेवू नका. ती ग्रीसने माखलेली असते. दार ते बॉडी अशी चपटी विणलेली तांब्याची पट्टी टाका, एक-दोन सेंटिमीटर रुंद आणि शक्य तितकी आखूड. गोल वायर चालेल का? मीटरवर ती तशीच दिसेल, पण १४५ मेगाहर्ट्झला रुंद पट्टीच बरी.

एसडब्ल्यूआर, आणि त्याची फसवी बाजू

जोडणी पक्की झाल्यावरच एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघा. आधी बघून काडी कापली तर कापलेलं परत येत नाही. मीटर व्हीएचएफचा (१४५ मेगाहर्ट्झ ज्या पट्ट्यात येतात त्याचा) हवा. २७ मेगाहर्ट्झच्या सीबी सेटसोबत आलेला मीटर इथे काहीही आकडा दाखवतो. गाडी मोकळ्यावर उभी करा, दारं आणि बॉनेट बंद, कुणी टेकून उभं नको, पॉवर ५ वॅट. फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ऐका, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली ओळख) द्या, आणि बँडच्या खालच्या टोकाला, मध्ये आणि वरच्या टोकाला असे तीन आकडे घ्या.

खालच्या टोकाला कमी आणि वर चढत जात असेल तर काडी लांब आहे. १४५ च्या आसपास एक मेगाहर्ट्झ सरकवायला साधारण साडेतीन मिलिमीटर लागतात, तेव्हा एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नका. उलट असेल तर काडी आखूड. सॉकेटमधून थोडी वर ओढा. १.५ ला पॉवरचा ४ टक्के भाग परत येतो, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के, आणि तिथे पोचेपर्यंत बहुतेक रेडिओ स्वतःच पॉवर कमी करतात. १.५ मिळालं की थांबा. १.१ च्या मागे धावण्यात दुपार जाते आणि समोरच्याला फरक ऐकू येत नाही.

फसवी बाजू अशी की खराब केबल एसडब्ल्यूआर सुधारून दाखवते. पाणी शिरलेली कोॲक्स (रेडिओ ते अँटेना जाणारी केबल) जाताना सिग्नल खाते आणि परत येणारी लहरही खाते, त्यामुळे मीटरला सगळं छान दिसतं. पडताळा घ्यायला अँटेनाच्या टोकाची काडी काढा आणि अगदी कमी पॉवरवर सेकंदभर, किंवा नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर त्यावर, पुन्हा मोजा. अँटेना नसताना आकडा आठ-नऊच्या घरात उसळला पाहिजे. तो ३ वरच थांबला तर केबल एका बाजूला ३ डेसिबल, म्हणजे निम्मी पॉवर, गिळते आहे. २ च्याही खाली राहिला तर ती केबल कापून फेका.

केबल कुठे मरते

दाराच्या रबरात. रोज दार आपटतं, कोॲक्स चपटी होते, आतला तांब्याचा गाभा त्याच्याभोवतीच्या तारांच्या जाळीकडे सरकतो. दारातून न्यायचीच असेल तर वरच्या कोपऱ्यातून, जिथे रबर मऊ आहे तिथून न्या, आणि बाहेर आत शिरण्याआधी तिचा खाली लोंबणारा वळसा ठेवा, म्हणजे पाणी वळशावरून गळून पडतं.

दुसरी जागा केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर. त्याचं बाहेरचं कडं हादऱ्याने फिरतं आणि तो मुळात पाणीबंद नसतो. हाताने आवळून शेवटचा पाव आटा पक्कडीने द्या, वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळा. जुना कनेक्टर कापून बघाल तेव्हा जाळी तांबूस चमकली पाहिजे. काळी किंवा हिरवी दिसली तर तेवढा भाग नव्हे, पूर्ण तुकडा बदला. पाणी जाळीतून वातीसारखं आत चढतं. साधी आरजी-५८ पाच मीटरला साधारण १ डेसिबल खाते, शेवयाएवढी बारीक आरजी-१७४ जवळपास दुप्पट.

मीटरने गाभा आणि जाळी यांत शॉर्ट शोधताना अँटेना काढून मोजा. काही अँटेनांच्या बुडात कॉइल असते आणि त्या लावलेल्या असताना डीसीला शॉर्टच दिसतात. आपली कशी आहे ते नवी असतानाच लिहून ठेवा.

हातातला ५ वॅटचा सेट गाडीत वापरत असाल तर त्याची रबरी अँटेना पत्र्याच्या पिंजऱ्यात बसलेली आहे. टपावर बाहेरची अँटेना लावा. सुरुवातीला यापेक्षा मोठी सुधारणा दुसरी नाही. मात्र जाड कोॲक्स थेट सेटला लावू नका, तिच्या वजनाने एसएमए (सेटवरचं अँटेनाचं छोटं) सॉकेट मुळापासून सुटतं. मध्ये ३० सेंटिमीटरचा पातळ तुकडा घाला.

करंट

५० वॅटचा सेट बोलताना १० ते १२ अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधली स्प्रिंग त्यासाठी केलेलीच नाही. लक्षण ओळखीचं आहे: बटण दाबलं की स्क्रीन मंद होते किंवा सेट बंद होऊन चालू होतो, आणि बटण सोडलं की सगळं ठीक.

वायर थेट बॅटरीपासून. पाच मीटर अंतराला, जाणं-येणं धरून, ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्यात ११ अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट पडतो. दीड स्क्वेअर एमएममध्ये सव्वा व्होल्टच्या वर. इंजिन बंद असताना १२.४ मधून सव्वा गेला की रेडिओ त्याच्या ११.७ च्या खालच्या मर्यादेखाली आला. मोजताना रेडिओच्या प्लगपाशी, बोलत असताना मोजा. नुसतं ऐकत असताना सगळ्या वायरी निर्दोष दिसतात.

फ्यूज बॅटरीपासून जितका जवळ तितका बरा. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असलेल्या गाडीत काळी वायर थेट त्या टोकाला लावू नका, बॉडीच्या अर्थ बोल्टला लावा. साध्या गाडीत निगेटिव्हही बॅटरीवरून घेत असाल तर तिलाही फ्यूज हवा, कारण इंजिनची अर्थ पट्टी तुटली तर स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधत तुमच्या रेडिओतून जातो. वायर फायरवॉलमधून नेताना रबरी ग्रोमेट, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात इन्सुलेशन कापते.

गुणगुण, टिकटिक आणि गुपचूप बहिरेपणा

एक्सिलरेटरबरोबर सूर चढणारी शीळ अल्टरनेटरची. ती पॉवरच्या वायरीतून येते. दोन्ही वायरी बॅटरीवर किंवा तिच्या जवळ नेल्या की बहुतेक वेळा जाते, नाहीतर लाइनमध्ये फिल्टर. टिकटिक स्पार्क प्लगची, म्हणून डिझेल गाडीत ती शोधू नका.

तिसरा प्रकार कानाला जाणवतच नाही. यूएसबी चार्जर, डॅशकॅम, एलईडी लाइट बार यांतल्या स्विचिंग सर्किटचा कचरा रिसीव्हरमधल्या नॉइजची पातळी वर उचलतो. आवाज वाढत नाही, दूरच्या गाड्या फक्त नाहीशा होतात, आणि तेही संध्याकाळी लाइट बार लागल्यावर. एखादा कसाबसा ऐकू येणारा सिग्नल धरा, स्क्वेल्च पूर्ण उघडा, एकेक उपकरण प्लगसकट काढत जा. ज्या क्षणी आवाज स्वच्छ होईल तो दोषी. व्हीएचएफसाठी ४३ नंबरच्या मिश्रणाचा फेराइट (असा कचरा अडवणारं कडं) त्याच्या वायरीवर, उपकरणाच्या अगदी जवळ चढवा आणि जमेल तितके वेढे घाला. स्वस्त चार्जर असेल तर फेराइटपेक्षा चार्जरच बदलणं सोपं.

दोन गाड्या अगदी शेजारी उभ्या असताना ५० वॅटवर बोलू नका. शेजारच्याचा रिसीव्हर दबून जातो आणि त्याला वाटतं त्याचा सेट बिघडला. ताफ्यात ५ वॅट पुरतात.

रेडिओवर संशय घेण्याआधी

सगळं पक्कं झाल्यावर प्रत्येक नटावर आणि कनेक्टरच्या कड्यावर रंगाच्या पेनाने, स्थिर भागापर्यंत जाणारी एक रेघ ओढा. थांब्यावर एक नजर पुरते: रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. तिन्ही एसडब्ल्यूआर आकडे आणि बोलतानाचा व्होल्टेज गाडीच्या कागदांत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी बरं-वाईट आठवणीवर ठरणार नाही.

तरीही दोष राहिला तर अदलाबदल करा. चांगल्या चालणाऱ्या गाडीतला सेट तुमच्या अँटेनावर आणि तुमच्या वायरीवर लावा, तुमचा तिच्यात. बिघाड गाडीत राहिला तर परत वर जाऊन ब्रॅकेटपासून सुरू करा. तुमच्या सेटबरोबर दुसऱ्या गाडीत गेला तर आधी माइक बदलून बघा. गुंडाळीच्या वायरीतली एखादी तार तुटणं किंवा प्लगची प्लास्टिकची जीभ मोडणं हे सेटमधल्या ट्रान्झिस्टरपेक्षा खूप जास्त वेळा घडतं. माइक बदलूनही ५० वॅटच्या जागी डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायच्या, पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) दोन-चार वॅटच निघत असतील, तर सेट दुरुस्तीला द्या.